बिटकॉइन घडवलं कुणी आणि आपल्या गल्लीत ते विकतंय कोण?

शहापूरकर (धागाकर्ता)

बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या पट्ट्यात 'कॉइन'च्या बैठका पुन्हा जोरात सुरू आहेत. मंगल कार्यालय भाड्यानं घ्यायचं, पडद्यावर वर चढत जाणारा आलेख दाखवायचा आणि शेवटी पैपाहुण्यांपैकीच कुणीतरी उठून "मी घातले, मला मिळाले" असं सांगायचं. मी कर सल्लागाराचं काम करतो. या बैठकांतून उठलेली माणसं कागद घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "बिटकॉइन खरं की खोटं?"

माझ्या मते आधी विचारायला हवं ते हे की हे संगणकावरचं चलन कुणी घडवलं, कशासाठी घडवलं, आणि समोर बसून पैसे मागणाऱ्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध. म्हणून थोडं मुळापासून लिहितो.

कागदी नोट मी तुम्हाला दिली की ती माझ्याकडे उरत नाही. संगणकावरच्या फाइलचं तसं नाही, तिच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात. मग संगणकावरचा पैसा एकच माणूस दोनदा खर्च करणार नाही, याची हमी कोण देणार? एवढ्या एका प्रश्नापायी कितीतरी हुशार माणसांनी पंचवीस-तीस वर्षं घालवली.

पहिलं मोठं नाव डेव्हिड चॉम. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या अमेरिकन गणितज्ञानं अशी युक्ती शोधली की बँक डिजिटल नोटेवर सही करेल, पण ती नोट कुणी कुठं खर्च केली हे बँकेलाही कळणार नाही. १९८९ साली त्यानं 'डिजिकॅश' ही कंपनी काढली आणि १९९८ साली तिचं दिवाळं निघालं. युक्तीत खोट नव्हती. पण सगळा कारभार एका कंपनीच्या हाती होता, त्यामुळे कंपनी बसली तसं चलनही बसलं.

दरम्यान १९९१ साली स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी संगणकावरच्या दस्तावर तारखेचा असा शिक्का मारायची पद्धत काढली की मागाहून कुणाला तारीख बदलता येऊ नये. प्रत्येक शिक्का आधीच्या शिक्क्याला बांधलेला. पुढं त्या साखळीची खूण ते न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापून आणू लागले, कारण छापून घरोघरी गेलेला अंक कुणालाच परत गोळा करता येत नाही. १९९७ साली अ‍ॅडम बॅकनं ईमेलचा कचरा रोखायला 'हॅशकॅश' केलं: पत्र पाठवायचं तर संगणकाला थोडी मेहनत करायला लावायची, म्हणजे लाखो पत्रं फुकट उधळता येणार नाहीत. १९९८ च्या सुमारास वेई डाई आणि निक झाबो यांनी अशा मेहनतीवर उभ्या राहणाऱ्या चलनाचे आराखडे मांडले. ते कागदावरच राहिले.

मग २००८ साल उजाडलं. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक बुडाली आणि ३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'सातोशी नाकामोतो' या नावानं नऊ पानांचा एक निबंध इंटरनेटवर आला. वर सांगितलेल्या कल्पनांची त्यात एकत्र मोट बांधलेली होती. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचा पहिला ब्लॉक, म्हणजे त्याच्या खतावणीचं पहिलं पान, तयार झाला. त्यात त्या दिवशीच्या लंडनच्या 'टाइम्स'चा मथळा कोरून ठेवला आहे, ब्रिटनचा अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा वाचवण्याच्या बेतात आहे असा. हे कशाच्या चिडीतून जन्मलं, ते त्या एका ओळीत दिसतं.

सगळी रचना सोपी करून सांगायची तर अशी. गावची खतावणी एका कुलकर्ण्याच्या पेटीत असण्याऐवजी तिची प्रत प्रत्येक घरात आहे, आणि दर दहा मिनिटांनी सगळ्या घरांत एकदमच नवं पान जोडलं जातं. एका घरानं आपल्या प्रतीत खाडाखोड केली तरी बाकीची घरं ती मानत नाहीत.

सातोशी कोण, हे आजही सिद्ध झालेलं नाही. एक माणूस की गट, तेही नाही. २०१० च्या डिसेंबरनंतर त्यानं जाहीर लिहिणं थांबवलं आणि २०११ साली सोबतच्यांना आता मी दुसऱ्या कामाला लागलोय असं कळवून तो दिसेनासा झाला. त्याच्या खात्यात सुमारे १० लाख बिटकॉइन असावेत असा जाणकारांचा अंदाज आहे आणि ते हललेले नाहीत. क्रेग राइट नावाच्या ऑस्ट्रेलियनानं "मीच सातोशी" असा दावा वर्षानुवर्षं केला. मार्च २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं तो सातोशी नसल्याचा निकाल दिला.

मला या सगळ्यांत हॅल फिनी जवळचा वाटतो. सातोशीकडून पहिल्यांदा बिटकॉइन मिळाले ते त्याला, १२ जानेवारी २००९ रोजी, १० बिटकॉइन. त्याच वर्षी त्याला शरीर हळूहळू लुळं पाडणारा एएलएस हा आजार झाल्याचं निदान झालं. हातपाय गेल्यावर तो डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या संगणकावर प्रोग्राम लिहीत राहिला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. या माणसानं कुणालाही "माझ्याकडे पैसे लावा" म्हटलं नव्हतं.

माझं म्हणणं इथंच आहे. मधल्या माणसावर भरवसा ठेवायची गरज पडू नये म्हणून ज्या माणसांनी हे केलं, त्यांचं नाव सांगून आपल्याकडे मधलाच माणूस पैसे गोळा करतोय. मेव्हण्यानं सांगितलं, मास्तरांनी सांगितलं, भिशीतल्या मैत्रिणीनं सांगितलं. जिथं पैसा द्यायला ओळख लागते, तिथं बिटकॉइन नसतंच. तुमचे अनुभव आणि शंका लिहा. मला जमेल तेवढं सांगतो, बाकीचे जाणकार आहेतच.

---

उद्यमबाग_फाउंड्री

चांगला धागा. एक शंका आहे आणि ती खरंच मनापासून आहे. आमच्या इंडक्शन भट्टीचं हेस्कॉमचं वीजबिल दर महिन्याला पोटात गोळा आणतं. पण ती वीज जाळून आमच्याकडे कास्टिंग निघतं, पंपाची बॉडी निघते. बिटकॉइनचे मायनिंगवाले, म्हणजे यंत्रं लावून नवे बिटकॉइन काढणारे, एवढी वीज जाळतात ती कशासाठी? निघतं काय त्यातनं?

---

शहापूरकर

रास्त शंका आहे. त्या विजेतून वस्तू निघत नाही. निघतो तो पुरावा, की हे पान लिहिण्यासाठी कुणीतरी खरोखर खर्च केला आहे. जुनं पान बदलायचं असेल तर तेवढाच खर्च परत करावा लागतो, वर त्यानंतरच्या प्रत्येक पानाचाही. म्हणून खतावणीत फेरफार करणं परवडत नाही. पान जोडायचा मान मिळवायला यंत्रांना एक कोडं सोडवावं लागतं, वीज जाते ती त्यात. यंत्रं वाढली की हे कोडं आपोआप अवघड होतं. दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, ते नव्यानं बेतलं जातं. त्यामुळे यंत्रं दुप्पट लावली म्हणून जगात बिटकॉइन दुप्पट निघत नाहीत.

एवढ्या विजेच्या बदल्यात मिळणारी सुरक्षितता त्या मोलाची आहे का, यावर मतभेद आहेत आणि मलाही तो खर्च सलतो. इथेरियम या बिटकॉइनसारख्याच दुसऱ्या जाळ्यानं सप्टेंबर २०२२ मध्ये ही पद्धत सोडली आणि त्याचा विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त उतरला. बिटकॉइननं सोडलेली नाही.

---

वडगाव_माग

नमस्कार. आमचा मागाचा धंदा. माझ्या चुलतभावाला एका माणसानं सांगितलंय की बिटकॉइनच्या मायनिंग मशीनमध्ये वाटा घे, महिन्याला ठरलेला टक्का मिळणार, मशीन परदेशात आहे, आपण काही करायचं नाही. तो यंदाच्या साड्यांचा आलेला पैसा त्यात घालायच्या तयारीत आहे. मशीन तर खरी असतात ना ओ? तुम्हीच वर लिहिलंय.

---

शहापूरकर

वडगावकर, आज संध्याकाळीच भावाला गाठा. मशीन खरी असतात. ठरलेला टक्का खरा असू शकत नाही, आणि हे हिशेबानंच दाखवता येतं.

कोडं आधी सोडवणाऱ्याला मिळणारं मायनिंगचं बक्षीस दर २,१०,००० ब्लॉकनंतर अर्धं होतं. सुरुवातीला एका ब्लॉकला ५० बिटकॉइन मिळायचे, २०१२ साली २५ झाले, २०१६ साली साडेबारा, २०२० साली सव्वासहा, आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. त्या त्या दिवशी जगातल्या प्रत्येक मायनरचं ते उत्पन्न एका रात्रीत निम्म्यावर आलं. वर कोडं सारखं बदलणार, बिटकॉइनचा भाव चढ-उतार करणार, विजेचा दर वेगळाच. असल्या धंद्यात महिन्याला ठरलेला टक्का कोण देऊ शकेल? जो देतो तो मागाहून आलेल्या माणसाच्या पैशातून देतो.

आणि हे आपल्या भागाला नवं नाही. 'गेनबिटकॉइन'नं हेच सांगितलं होतं: महिन्याला १० टक्के, १८ महिने. त्या १८ महिन्यांच्या मध्येच बक्षीस निम्म्यावर आलं तर १० टक्के कुठून येणार, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही. त्याचा सूत्रधार म्हणून अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी २०१८ साली अटक केली. २०२२ च्या जानेवारीत तो वारला आणि लोकांचे पैसे अडकले ते अडकलेच.

---

कणबर्गी_ते_कोरमंगला

मी बेळगावचा, नोकरीला बेंगळूरला. धागाकर्त्यांनी इतिहास छान लिहिलाय, पण सूर असा लागतोय की आपल्या लोकांनी या भानगडीत पडूच नये. ते मला पटत नाही.

भारतातली सुरुवातीची एक बिटकॉइन कंपनी, युनोकॉइन, २०१३ साली आपल्याच राज्यातल्या तुमकूरला सुरू झाली. सात्विक विश्वनाथ आणि त्याचे साथीदार. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी बेंगळूरच्या एका मॉलमध्ये बिटकॉइनसाठी एटीएमसारखं यंत्र बसवलं, तर पोलिसांनी यंत्र जप्त करून संस्थापकांनाच अटक केली. त्याआधी एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून बँकांना या धंद्याशी व्यवहार करायला बंदी घातली होती. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. म्हणजे उघडपणे, पत्ता देऊन धंदा करणारी पोरं अडचणीत आली आणि मंगल कार्यालयातले भामटे मोकळे फिरले. यावरही लिहा.

पॉलिगॉन घ्या, इथेरियमवरचे व्यवहार जलद आणि स्वस्त करणारं जाळं. जयंती कनानी, संदीप नेलवाल, अनुराग अर्जुन या आपल्या पोरांनी २०१७ साली सुरू केलेलं काम, आज जगभर वापरलं जातं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत नेलवालनं मदतनिधी उभा केला आणि इथेरियमच्या व्हिटालिक ब्युटेरिननं त्याला प्रचंड देणगी दिली. हा व्हिटालिक जन्मला रशियात, वाढला कॅनडात, आणि १९ व्या वर्षी त्यानं इथेरियमचा आराखडा लिहिला. हेही 'घडवणारे'च आहेत. आपल्या भागातल्या पोरांनी त्यांच्याकडे बघून शिकावं असं मला वाटतं. हे कोड उघडं असतं, खानापुरात बसून वाचता येतं, त्याला कुणाची शिफारस लागत नाही.

---

शहापूरकर

दादा, तुमचं बरोबर आहे. भामट्यांचा बंदोबस्त होत नाही आणि पत्ता असलेल्याला आधी धरतात, हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता तो तुम्ही आणलात. शिकण्याबद्दलही शंभर टक्के सहमत. मात्र शिकणं आणि पैसा लावणं या दोन गोष्टी बैठकीत मुद्दाम एकत्र कालवल्या जातात. कोड वाचायला पैसे लागत नाहीत.

ज्याला घ्यायचंच आहे त्यानं निदान कायदा समजून घ्यावा. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर, अधिभार. खरेदीच्या किमतीखेरीज कुठलाही खर्च वजा होत नाही. एका कॉइनमध्ये लाख बुडाले आणि दुसऱ्यात लाख मिळाले तरी त्या मिळालेल्या लाखावर पूर्ण कर भरावा लागतो, कारण तोटा वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. मार्च २०२३ पासून कॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजना मनी लॉन्डरिंगविरोधी कायदा लागू आहे आणि त्यांना सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. तुमच्या अ‍ॅपची ती नोंदणी आहे का, हे पैसे भरायच्या आधी बघा.

---

कणबर्गी_ते_कोरमंगला

आणि नोंदणी असली तरी सगळा पैसा एक्स्चेंजवर ठेवू नका. २०१४ साली जपानची माउंट गॉक्स बसली तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं समोर आलं. जुलै २०२४ मध्ये आपल्याकडच्या वझीरएक्सवर हल्ला झाला आणि २३ कोटी डॉलरच्या आसपासची मालमत्ता गेली. २०२२ साली एफटीएक्स ही एक्स्चेंज कोसळली, तिचा संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड आता २५ वर्षांच्या शिक्षेवर आहे. या तिन्ही वेळी बिटकॉइनची खतावणी कुणी फोडली नव्हती. लोकांनी चावी, म्हणजे आपले कॉइन खर्च करायला लागणारा गुप्त संकेत, दुसऱ्याच्या हाती दिली होती.

आणखी एक. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अनोळखी माणसाशी थेट 'यूएसडीटी'चा, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या कॉइनचा, व्यवहार करू नका. समोरून येणारा पैसा सायबर चोरीचा निघाला तर बँक खातं तुमचं गोठतं, आणि ते सोडवायला कुठल्या कुठल्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागतो.

---

रामदुर्गी

वाचतोय. खूप उपयोगी धागा.

---

खानापूरची_लेक

चर्चा चांगली चाललीय, पण ती सगळी 'ज्याच्या हाती फोन' त्याच्याच बाजूनं चाललीय असं मला वाटतं.

मी बचत गटांबरोबर काम करते. कणकुंबीकडच्या आणि भीमगड अभयारण्यातल्या गावांत अजून नेटवर्क धड मिळत नाही. ज्या गावात मिळतं तिथं घरात स्मार्टफोन एक, आणि तो पोराकडे. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये बाईच्या खात्यात येतात, पण मेसेज कुणाच्या फोनवर येतो? पिन कुणाला पाठ असतो? पलीकडे महाराष्ट्रात चंदगडला लाडकी बहीणचे १,५०० येतात, तिथंही हीच गत. पैसा बाईच्या नावावर आला हे मोठंच झालं, ते मी नाकारत नाही. पण नोट होती तेव्हा ती पदराच्या गाठीला, डाळीच्या डब्यात राहायची. घरातल्या कुणाला न सांगता बाई ती पोरीच्या फीसाठी बाजूला काढायची. पैसा डिजिटल झाला आणि ती गाठ गेली.

आता कॉइनच्या बैठका बायकांच्यातही घेतात. गटाच्या अध्यक्षीणबाईंना पकडतात, कारण त्यांच्या शब्दावर वीसजणी पैसे काढतात. मागं आमच्या भागात असंच झालं. कॉइन बुडाल्यावर तो आणणारा दिसेनासा झाला आणि वीस घरांची तोंडं त्या एका बाईकडे वळली. तिनं गळ्यातलं मोडून काहीजणींचे दिले. चावी आपल्या हाती ठेवा असं दादा सांगतात, ते खरंच असेल. पण आमच्या बायकांच्या हाती अजून घराच्या कपाटाचीही नसते, आधी त्याचं काय करायचं ते बोला.

---

निवृत्त_कॅशियर

ताई, तुमचा मुद्दा काळजाला लागला. यावर एक माहिती देतो, कारण बैठकीत "सरकारनंच डिजिटल रुपया काढलाय, हे तेच आहे" असंही ठोकून देतात.

डिजिटल रुपया वेगळा आहे. तो रिझर्व्ह बँकेनं काढलाय. मोठ्या व्यवहारांसाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून आणि सामान्य माणसासाठी १ डिसेंबर २०२२ पासून प्रयोग सुरू झाला, आधी मुंबई, दिल्ली, बेंगळूर आणि भुवनेश्वर या चार शहरांत. १०० रुपयांच्या नोटेसारखाच तो १०० चा तुकडा, फक्त फोनमध्ये. त्यावर व्याज नाही आणि त्याचा भाव चढत नाही. १०० चे १०० च राहतात. त्यात पैसे 'वाढवून देतो' म्हणणारा खोटं बोलतोय, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

यूपीआय आणखी निराळं. एप्रिल २०१६ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं ते आणलं. त्यामागे नंदन निलेकणी यांचाही हात आहे, ज्यांचं शाळा-कॉलेजचं काही शिक्षण इथं धारवाडला झालं. यूपीआयमध्ये पैसा बँकेच्या खात्यातलाच असतो, फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. डिजिटल रुपया मात्र नोटेसारखा, थेट रिझर्व्ह बँकेचं देणं. नेटवर्क नसताना तो चालावा यासाठीही प्रयोग सुरू आहेत, आणि ते कणकुंबीसारख्या गावात खरे उतरले तर मी त्यांना मोठं काम म्हणेन.

---

गणपत_गल्ली_दुकानदार

यूपीआयचं नाव निघालंय म्हणून लिहितो. २०२५ च्या जुलैत व्यावसायिक कर खात्यानं यूपीआयची जमा बघून राज्यातल्या छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या, आणि बेंगळुरात दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. मालाची उलाढाल ४० लाखांवर गेली तर नोंदणी लागते हे मान्य. पण भावाकडून उसने घेतलेले, भिशीचे आलेले, सगळेच त्या एका क्यूआर कोडवर पडतात आणि ते विक्री म्हणून मोजले जातात. अशानं माणूस रोखीकडे पळणार नाही तर काय करणार? कॉइनवाले नेमकं हेच बोलून गिऱ्हाईक ओढतात, "सरकारला दिसत नाही" म्हणून.

---

शहापूरकर

आणि तेही खरं नाही, मामा. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार कायमचा आणि सगळ्यांना दिसेल असा नोंदलेला असतो. नाव नसतं, फक्त अंक-अक्षरांचा पत्ता असतो, पण एकदा त्या पत्त्याचा माणसाशी धागा जुळला की मागचं सगळं उलगडतं. तपास यंत्रणांनी कितीतरी मोठे गुन्हेगार असेच पकडलेत. धंद्याचं आणि घरचं खातं वेगळं ठेवा, क्यूआर फक्त धंद्याच्या खात्याचा लावा. निम्मी डोकेदुखी तिथंच संपते.

---

निपाणीकर

एक वेगळा धागा जोडतो. बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर कधीच निघणार नाही, ही त्याची मूळ अट. चलनाच्या संख्येला मर्यादा हवी हा विचार आपल्याकडे फार आधी आणि फार खोलात जाऊन मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला त्यांचा प्रबंध, 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', १९२३ साली प्रसिद्ध झाला. रुपया किती पाडायचा हे सरकारच्या मर्जीवर सोडलं तर रुपयाची किंमत ढासळते, म्हणून चलननिर्मितीला पक्की मर्यादा घाला, हे त्यांनी तिथं मांडलं. १९२५ साली भारताच्या चलनावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढंही ते हे बोलले. रुपया स्वस्त ठेवला की झळ बसते ती मजुरीवर जगणाऱ्याला, हा त्यांचा मुद्दा होता. आणि त्याच १९२५ साली ते आमच्या निपाणीला बहिष्कृत वर्गाच्या परिषदेला आले होते. विड्या वळणाऱ्या बायकांच्या या गावात मजुरीची किंमत म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही.

म्हणून मला वाटतं, बिटकॉइनमागचा विचार आपल्याला परका नाही.

---

शहापूरकर

निपाणीकर, हा प्रतिसाद धाग्याचं सोनं आहे. फक्त एक फरक जपून ठेवू या. बाबासाहेबांना मर्यादा हवी होती ती कायद्यानं घातलेली. चलन कुणाच्या ताब्यात आहे आणि त्याचा भार कुणावर पडतो, हे ते सतत विचारत. बिटकॉइनची मर्यादा कोडमध्ये आहे. ती मोडत नाही, पण भाव कोसळला तर दाद मागायलाही जागा नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात ६९,००० डॉलरच्या आसपास गेलेला भाव वर्षभरात १६,००० च्या खाली आला होता. २०२४ च्या डिसेंबरात तोच १ लाखाच्या वर गेला. ज्याला मजुरी आज मिळून उद्या रेशन भरायचं आहे, त्याच्यासाठी हे चलन अजून तरी नाही. कॉइनच्या पत्रकांवर बाबासाहेबांचा फोटो छापलेला माझ्या बघण्यात आलाय, आणि त्याचा मला फार राग येतो.

---

निपाणीकर

मान्य. त्या पत्रकांचा मीही निषेधच करतो. विचार वेगळा, धंदा वेगळा.

---

वकील_चिक्कोडी

आता कर्नाटक-महाराष्ट्र सीमेची अडचण लिहितो, कारण आमच्याकडे येणाऱ्या प्रकरणांत ती हमखास असते. ऑफिस गडहिंग्लज किंवा कोल्हापुरात, बैठक संकेश्वरला, पैसे देणारा हुक्केरीचा, खातं तिसऱ्याच राज्यातलं. मग इथले म्हणतात तिकडं जा, तिकडचे म्हणतात इकडं जा.

यात तीन कायदे कामाला येतात. महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. कर्नाटकात तसाच २००४ चा केपीआयडी. दोन्हीत संचालकांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटता येते. आणि दोन्ही राज्यांना लागू असलेला २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा. यातली ठेवीची व्याख्या नीट वाचा: परतफेड रोखीत असो, वस्तूच्या रूपात असो की सेवेच्या, ती ठेवच. त्यामुळे "आम्ही पैसे नाही, कॉइन परत देतो" ही पळवाट इथं सहजी चालू नये. ठेव घेणाऱ्याला २ ते ७ वर्षं आणि नुसतं लोकांना त्यात ओढणाऱ्यालाही १ ते ५ वर्षं शिक्षा आहे. बैठकीत उठून "मला मिळाले" सांगणाऱ्या पाहुण्यांना हे जरूर वाचून दाखवा.

हद्दीचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठलंही पोलीस ठाणं नोंदवून घेऊ शकतं. याला झिरो एफआयआर म्हणतात. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

---

वडगाव_माग

वकीलसाहेब, भावाशी बोलणं झालं. यंदाचा पैसा थांबवला, पण त्यानं आधीच थोडी रक्कम दिलीय असं आता कळतंय. अर्ज कन्नडमध्येच लिहावा लागतो का? आम्हाला बोलता येतं, लिहिता येत नाही.

---

वकील_चिक्कोडी

घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, मराठीत दिला तर तो तेवढ्यासाठी नाकारता येत नाही. तरी काम लवकर व्हावं म्हणून सोबत कन्नड भाषांतर जोडा. भाषांतर मी करून देईन, त्याचे पैसे नकोत.

रक्कम ऑनलाइन गेली असेल तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावा, अर्ज मागनं. पैसा पुढच्या खात्यातून निघायच्या आत फोन गेला तर तो गोठवता येतो, म्हणून उद्यावर टाकू नका. मग बेळगावच्या सीईएन ठाण्यात, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या पोलीस ठाण्यात जा.

---

खानापूरची_लेक

वकीलदादा, आमच्या अध्यक्षीणबाईंचं प्रकरण जुनं आहे आणि सगळा व्यवहार रोखीत झालाय. कागद म्हणजे गटाची वही तेवढी. चालेल का?

---

वकील_चिक्कोडी

चालेल. वहीत ज्या तारखेला रक्कम लिहिलीय त्या पानांच्या प्रती काढा, मूळ वही कुणाच्या हातात देऊ नका. वीसजणींनी मिळून एकच अर्ज करण्यापेक्षा प्रत्येकीचा जबाब वेगळा असू दे, रक्कम आणि कुणाच्या हातात दिली ते स्पष्ट लिहून. त्या माणसाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, बैठकीचे फोटो, पत्रक, जे असेल ते फोनमधनं पुसू देऊ नका. आणि अध्यक्षीणबाईंनी स्वतःचे दागिने मोडून ज्यांना दिले त्यांच्याकडून तसं लिहून घ्या. नाहीतर उद्या त्यांनाच एजंट ठरवतील.

---

शहापूरकर

खानापूरच्या ताई, येत्या रविवारी मी आणि वकीलसाहेब तुमच्याकडे येऊ शकतो. बायकांना बेळगावला यायला लावू नका. वही, आधार कार्ड आणि ज्यांच्याकडे पासबुक आहे त्यांनी ते घेऊन बसावं. वडगावकर, तुम्ही भावाला घेऊन उद्या सकाळी माझ्याकडे या, बँकेचं स्टेटमेंट मी काढून देतो. १९३० चा फोन मात्र आत्ताच लावा.